स्कूबा डाइव्हमध्ये सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी ५ मीटर खोलीवर ३ मिनिटांचा थांबा) थांबताच येत नाही, मदत हवी आहे (बुनाकेन)

निळाई:
सुलावेसीत बुनाकेनला आहे, उद्या सकाळी परत लेकुआनची भिंत (पाण्याखालचा उभा प्रवाळकडा). २० मीटरला सगळं ठीक असतं. शेवटी ५ मीटरला आले की वर ओढली जाते, ३ मिनिटं निघत नाहीत. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामं केलेलं असतं. शिशाचं वजन किती वाढवू? लवकर सांगा.

दर्यावर्दी:
आत्ता वजन किती? वेटसूट किती मिलिमीटर जाडीचा? सिलिंडर ॲल्युमिनियमचा की स्टीलचा? वर येताना सिलिंडरमध्ये किती बार (दाब) उरतो?

सागरगोटा:
सरळ २ किलो वाढवा. तिकडे ॲल्युमिनियमचेच सिलिंडर असतात. भरलेला साधारण पाऊण किलोने बुडता, रिकामा पावणेदोन-दोन किलोने तरंगता. म्हणून सुरुवातीला पुरलेलं वजन शेवटी कमी पडतं.

दर्यावर्दी:
न तपासता २ किलो नको. भिंतीखाली पाय टेकायला तळ नाही. जादा वजन म्हणजे बीसीडीत जादा हवा, आणि १० मीटरवरून वर येईपर्यंत ती दुप्पट फुगते.

सागरगोटा:
तरंगत वर जाणं जास्त धोक्याचं.

प्रवासी_पक्षी:
विमानाआधी १८ तास डाइव्ह नको, लक्षात ठेवा.

निळाई:
विमान पाच दिवसांनी आहे! ४ किलो, ३ मिमी फुल सूट (नवा, आधी शॉर्टी, म्हणजे आखूड हातापायांचा होता), ॲल्युमिनियम ११ लिटर, ५० बार.

दर्यावर्दी:
सूट बदलला हे आधी सांगायचं ना. नवं निओप्रीन (सूटचं फुगीर रबर) जास्त तरंगतं, २० मीटरला दाबलं जातं म्हणून तिथे जाणवत नाही. १५० बार हवा संपली की सिलिंडर २ किलोने हलका होतो. उद्या उतरण्याआधी बीसीडी पूर्ण रिकामं करून, नेहमीचा श्वास धरून, पाय न हलवता उभ्या राहा. पाणी डोळ्यांशी आणि श्वास सोडल्यावर बुडता, असं जमेल ते वजन पकडा. सिलिंडर भरलेला असेल तर त्यावर २ किलो.

कोळीवाडा:
अवांतर, तारकर्लीला ३ मिमी पुरतो का?

दर्यावर्दी:
पुरतो. त्यासाठी वेगळा धागा काढा. निळाई, हवा सोडताना आडव्या असता का?

निळाई:
हो, आडवीच. इन्फ्लेटरचं (बीसीडीच्या होजच्या टोकाचं) हवा सोडायचं बटण दाबते.

दर्यावर्दी:
मग हवा आतच राहते. ती सर्वांत उंच भागात जाते. उभ्या होऊन होज डोक्याच्या वर धरा, किंवा आडवं राहायचं असेल तर कंबर उचलून मागचा डंप (हवा सोडायचा व्हॉल्व्ह) ओढा. उभ्याने फिन (पायातले पंख) मारू नका, त्याच वर ढकलतात.

सागरगोटा:
हे पटलं. आधी हवा नीट काढा, मग वजन.

दर्यावर्दी:
तपासणीत कमी निघालं तर १-१ किलोनेच वाढवा, आणि जादाचा १ किलो गाइडच्या खिशात ठेवायला सांगा. थांबायला लेकुआनच्या रीफचा माथा बरा, भिंतीपासून दूर मोकळ्या निळ्या पाण्यात नको. प्रवाळाला मात्र हात लावू नका.