पीसीओएस असलेल्या बाईकडून बीजदान घ्यावं का? माझं मत: आजच्या घडीला नको

चाफेकळी

आमच्याकडे पोळ्या करायला येते ती बाई 27 वर्षांची आहे, मुलगा पहिलीत. परवा कणीक मळता मळता तिनं विचारलं, "ताई, अंडी दिली तर पुढं काही त्रास होतो का?" मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी स्त्रीबीजं द्यायला वस्तीतल्या एका मध्यस्थ बाईनं तिला गाठलंय. हिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओडी (म्हणजे पीसीओएसच, अंडाशयांचा संप्रेरकांशी जोडलेला विकार) निघालंय, हे कळल्यावर ती मध्यस्थ बाई खूशच झाली. म्हणे, "तुझी तर भरपूर निघतील!"

त्या 'भरपूर'नं माझी झोप उडवली आहे. मलाही पीसीओएस आहे आणि माझ्या आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) वेळी 24 बीजं निघाली होती. तिसऱ्या दिवशी सलवारीची नाडी बांधता येईना. नवरा सकाळ-संध्याकाळ शिवणाच्या टेपनं माझं पोट मोजून वहीत लिहायचा. दोन दिवसांत वजन साडेतीन किलो वाढलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून तीन उशांना टेकून रात्र काढायची. चौथ्या दिवशी ॲडमिट. अंडाशय अति उत्तेजित झाले की रक्तातलं पाणी पोटात उतरतं, रक्त घट्ट होतं, गुठळी होण्याची भीती असते. पीसीओएसमध्ये छोट्या फॉलिकल्सचा, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्यांचा, साठाच मोठा, त्यामुळे बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली की सगळी एकदम वाढायला लागतात.

मी ते सोसलं, कारण मला मूल हवं होतं. हिचं पोट रात्री कोण मोजणार? दुसऱ्या दिवशी ही पाच घरच्या पोळ्यांना उभी राहणार. म्हणून म्हणते, पीसीओएस असलेल्या बाईला दाता म्हणून घेऊच नये.

एम्ब्रियो_लॅब

ताई, तुमचा त्रास खरा, पण निष्कर्ष पटत नाही. मी रोज हेच काम करतो. आता अशा बाईला अँटॅगोनिस्ट पद्धतीनं (बीजं वेळेआधी सुटू नयेत असं औषध सोबत देऊन) इंजेक्शनं देतात आणि शेवटच्या ट्रिगरला, म्हणजे बीजं पक्व करणाऱ्या इंजेक्शनाला, एचसीजी या गर्भारपणातल्या संप्रेरकाऐवजी ॲगोनिस्ट (शरीराचंच संप्रेरक थोडा वेळ सोडायला लावणारं औषध) वापरतात. त्यानं हा धोका खूप खाली येतो. शिवाय दात्याला गर्भ राहत नाही, त्यामुळे गर्भाच्या एचसीजीमुळे नंतर उद्भवणारा प्रकार तिच्यात होत नाही. 2021च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं दात्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायला बंदी आहे, तीही आयुष्यात एकदाच. मग 24 काढायचा प्रश्न येतो कुठे?

चाफेकळी

येतो. सात काढायची म्हणून सातच वाढतात असं नाही ना! पीसीओएसच्या अंडाशयाला डोस जरा कमी पडला तर काहीच हलत नाही, जरा जास्त झाला की वीस फॉलिकल्स. मधली जागा फार अरुंद. मग सात काढून बाकीची तशीच ठेवली, तरी सूज त्या बाईच्याच पोटात राहणार. ॲगोनिस्टचा मुद्दा मात्र मान्य. माझ्या वेळी एचसीजीच दिलं होतं.

पहाटवारा

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. 31व्या वर्षी माझी पाळी बंद झाली. दुसऱ्या बाईच्या बीजाशिवाय मला मार्ग नाही. 'आयुष्यात एकदाच' या अटीनंतर दाता मिळणं आधीच अवघड झालंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला पीसीओएस असतो. त्या सगळ्यांना दारातूनच परत पाठवायचं? ज्यांची तब्येत चांगली आहे, ज्यांना समजून-उमजून द्यायचं आहे, त्यांनाही?

रानजाई

मला पीसीओएस आहे, वय 25. वर्गातल्या मुलींनी त्यामुळे आलेल्या हनुवटीवरच्या केसांवरून चिडवलेलं अजून आठवतं. आता इथंही 'घेऊच नये'. कोणी अजून आनुवंशिकतेचं बोललं नाही, म्हणून मीच बोलते: हो, हे घराण्यात चालतं, माझ्या आईलाही आहे. मग आईनं मला जन्म द्यायला नको होता का? बीज घेणाऱ्या जोडप्याला ही माहिती स्पष्ट द्यावी आणि त्यांना ठरवू द्यावं. माझ्या शरीराचा निर्णय माझ्या भल्याच्या नावाखाली दुसऱ्यांनी घेऊ नये.

चाफेकळी

रानजाई, तुझं वाचून हात थांबला. आनुवंशिकतेचा मुद्दा मी मुद्दामच काढला नव्हता. तो मला पटत नाही, आणि मलाही मुलगी आहे. तुला वाचता येतं, प्रश्न विचारता येतात, त्रास झाला तर तू रात्री दोनला रिक्षा करून जाशील. तू दिलंस तर मी अडवणार नाही. पण त्या मध्यस्थ बाईला तुझ्यासारखी मुलगी नको असते.

काळाकोट

कायद्याचं थोडक्यात: बीजांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. दात्याचं वय 23 ते 35 हवं आणि मूल हवं असलेल्या जोडप्यानं तिच्या नावानं 12 महिन्यांचा विमा काढून द्यायलाच हवा. पीसीओएसबद्दल कायदा काही म्हणत नाही. तुमच्या पोळीवाल्या बाईंना त्या मध्यस्थानं विम्याचा कागद दाखवलाय का?

चाफेकळी

नाही. आज विचारलं. पैशांचा आकडा सांगितलाय, कागद एकही नाही. सोनोग्राफीचा रिपोर्टसुद्धा त्या बाईनं स्वतःकडे ठेवून घेतलाय.

'घेऊच नये' हे माझं वाक्य मी मागे घेते. त्याऐवजी एवढं म्हणते: पीसीओएस असेल तर ट्रिगर कोणता देणार आणि नंतर आठवडाभर रात्री फोन कोण उचलणार, हे लेखी मिळाल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घेऊ नये. हिला ते मिळणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. उद्या संध्याकाळी आम्ही दोघी आधी तो रिपोर्ट परत आणायला जाणार आहोत.