कॉटनचा एअर फिल्टर धुऊन तेल मारलं, आता गाडी ओढेना आणि दिवा लागला

सोलापूर_डिझेल
गाडी १.३ लिटर टर्बो डिझेल हॅचबॅक. कागदी फिल्टरच्या जागी धुऊन वापरायचा कॉटनचा पॅनेल फिल्टर आहे, त्याआधीच्या धुण्यानंतर ३०,००० किमी झाले होते. रविवारी किटमधल्या क्लीनरने धुतला, तासभर उन्हात ठेवला, मग स्प्रेने लाल तेल मारलं. पांढरा ठिपका राहू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मारलं. सोमवारपासून २००० आरपीएमच्या खाली पिकअप नाही, इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी०१०१. काळा धूर अजिबात नाही. तेल जास्त झालं का? झालं असेल तर पुसून भागेल की परत धुवावं लागेल?

एअरबॉक्स_उघडा
जास्तच झालं. दोन्ही बाजूंनी मारलंत तिथेच गणित चुकलं.

पी०१०१ म्हणजे हवा मोजणारा एमएएफ सेन्सर जे सांगतोय ते ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) पटत नाही. तो एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, इंजिनकडच्या तोंडाशीच बसतो. फिल्टरमधलं जादा तेल हवेबरोबर ओढलं जातं, सेन्सरच्या तापलेल्या पट्टीवर त्याचा पातळ थर बसतो, त्यावर बारीक धूळ चिकटते आणि पट्टीवर गोधडी घातल्यासारखं होतं. मग सेन्सर खऱ्यापेक्षा कमी हवा दाखवतो. डिझेलमध्ये ईसीयू त्या आकड्यावरून ठरवतो की धूर न होता किती डिझेल सोडायचं. हवा कमी दिसली की डिझेलही कमी, म्हणून गाडी मरगळते पण धूर सोडत नाही. धूर असता तर मी आधी टर्बोकडून इंजिनकडे जाणारा होजपाइप सुटलाय का ते बघायला सांगितलं असतं. पेट्रोल गाडीत हाच घोटाळा पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) म्हणून दिसतो.

सेन्सर आधी साफ करा. इग्निशन बंद, प्लग काढा, दोन स्क्रू असतात, बहुधा टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे). एमएएफ क्लीनर म्हणूनच मिळणारा स्प्रे घ्या. कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर नको, त्याने प्लास्टिक आणि पट्टीवरचा लेप जातो. हातभर नाही, वीतभर अंतरावरून दहा-पंधरा छोटे फवारे. आत कापूस, ब्रश, बोट काहीही घालायचं नाही. अर्धा तास सुकू द्या. बसवताना सेन्सरवरच्या बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाकडे. एअरबॉक्सची स्वच्छ बाजू (फिल्टरनंतरची, इंजिनकडची) आणि सेन्सरपर्यंतचा पाइप कापडाने आतून पुसा, नाहीतर तिथलं तेल परत सेन्सरवर येईल. मग स्कॅनरने कोड पुसा.

चुणी_चुणी
पुसून भागत नाही. वरचं तेल टिश्यूला येतं, पण आतल्या थरांतलं नंतर हळूहळू वर येत राहतं. परत धुवा. आणि तासभर ऊन म्हणजे तो आतून ओलाच होता. वरची चुणी (फिल्टरच्या कापडाची घडी) कोरडी लागते, बुडाशी पाणी असतं. ओल्या कापडात तेल झिरपत नाही, तिथे पांढरे पट्टे दिसतात आणि माणूस आणखी तेल मारत सुटतो. तुमचं हेच झालेलं दिसतंय.

धुताना: आधी हलकं आपटून सुटी धूळ पाडा. क्लीनर दोन्ही बाजूंना, १० मिनिटं, पण वाळू द्यायचा नाही. वाळला तर तोच मळ परत कापसात घट्ट बसतो. मग नळाच्या मंद धारेखाली स्वच्छ बाजूकडून धुळीच्या बाजूकडे पाणी सोडा, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर जाते. खाली पडणारं पाणी नितळ होईपर्यंत. प्रेशर वॉशर, पेट्रोल, रॉकेल, कपड्याचा सोडा नको. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार कापसात राहतात.

सुकवायला सावलीत पंख्यासमोर रात्रभर. कोकणातल्या जुलैत दोन रात्रीही लागतात, तेव्हा पावसाळ्याआधीच उरका. कॉम्प्रेसरची हवा किंवा हेअर ड्रायर मारला तर कापसाचे धागे सरकून भोकं पडतात, कड आक्रसते आणि बॉक्समध्ये नीट बसत नाही.

तेल फक्त धुळीच्या बाजूने, प्रत्येक चुणीच्या माथ्यावरून एकच हात. २० मिनिटं थांबा, ते आपोआप झिरपतं. मागच्या बाजूला फिकट ठिपका राहिला तर तेवढ्यालाच एक थेंब. बसवायच्या आधी फिल्टर उभा करून वर्तमानपत्रावर ठेवा. खाली डाग पडला तर तो अजून गाडीत जायच्या लायकीचा नाही.

वजनदार
डोळ्यांवर विसंबू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. सुका फिल्टर तोला, तेल मारून परत तोला. किती ग्रॅम तेल हवं ते बरेच उत्पादक पार्ट नंबरप्रमाणे देतात. तोच आकडा धरा, दुसऱ्या गाडीचा नको.

आणि रंग फिका पडला म्हणजे तेल संपलं असं नाही. धुळीच्या बाजूला तारेची जाळी दिसते तोवर फिल्टरला हात लावायचं कारण नाही. वारंवार धुण्यानेच जास्त फिल्टर खराब होतात.

सोलापूर_डिझेल
सगळ्यांचे आभार. वर्तमानपत्रावर तळहाताएवढा डाग पडला, म्हणजे तेल जास्तच होतं हे नक्की. सेन्सर साफ केला, कोड परत आला नाही, फिल्टर धुऊन पंख्यासमोर आहे. एक शंका: किटमधलं तेल संपत आलंय, इंजिन ऑइल पातळ करून चालेल?

चुणी_चुणी
नाही. इंजिन ऑइल घसरण कमी करायला बनवलेलं, इथे हवंय चिकटपण. ते चुणीच्या बुडाशी ओघळतं, माथा कोरडा राहतो आणि धूळ तिथूनच आत जाते. बाइकच्या फोम फिल्टरचं तेलही नको, ते कापसाला फार जाड पडतं.

कागदवाला
दादा, एक मत मांडतो. तुमचा रोजचा रस्ता उसाच्या ट्रॉल्या आणि कच्च्या मुरमाचा असेल तर चांगला कागदी फिल्टरच बरा. तेलाचा कॉटन फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण अगदी बारीक धूळ कागद साधारणपणे जास्त अडवतो, आणि टर्बोच्या पात्यांना तीच बारीक धूळ खाते. ठेवणारच असाल तर पुढच्या सर्व्हिसला एअरबॉक्सच्या स्वच्छ बाजूवर पांढरं कापड फिरवा. सगळीकडे हलकी धूळ आली तर फिल्टर सोडतोय. फक्त कडेला रेघ दिसली तर रबराची कड नीट दबत नाही. तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात आणि क्लिपा चारही लागल्यात का ते बघा. मागच्या कोपऱ्यातली क्लिप बहुतेक वेळा अर्धवटच अडकलेली असते.