ओढ्याकाठचं खरडून गेलेलं रान पुन्हा कसं उभं करायचं?

बालाघाट_शिवार:
भूम तालुका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ओढ्याकाठचं एक एकर रान खरडून गेलं. अर्ध्यात मुरूम उघडा पडलाय, अर्ध्यात वाळू-गोटे साचलेत. काठ सहा फूट उभा तुटलाय. उन्हाळ्यात तलावातला गाळ टाकून जूनमध्ये सोयाबीन पेरायचा विचार आहे. किती गाळ लागेल? ओढा पोकलेननं सरळ आणि खोल करून घ्यावा का?

पाणलोट_लातूर:
दादा, गाळाआधी पाण्याचा बंदोबस्त करा. नाहीतर वाहतुकीला पैसे घालून आणलेला गाळ पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्यात जाईल.

ओढा सरळ करू नका. वळणं काढली की उतार वाढतो, पाण्याला वेग येतो, तळ खरवडतो आणि काठाचा पायाच सुटतो. शिवाय तेच पाणी खालच्याच्या रानात घुसतं. आडवी पडलेली झाडं आणि वाळूचे ढीग तेवढे काढा.

काठ एक फूट उंचीला दीड फूट, असा तिरका तासा. पायथ्याला रानातलेच गोटे रचा. सगळ्यात मोठे खाली, फूटभर पुरून. पाऊस लागला की वर वाळ्याच्या (खस गवताच्या) ओळी लावा. दर तीन फूट उंचीला एक ओळ, समपातळीत, दोन-तीन फुटव्यांची जुडी, दोन जुड्यांत अर्धा फूट. मध्ये फट राहिली की पाणी तिथंच घळ पाडतं. मानवेल बांबू काठाच्या माथ्यावर, दहा फुटांवर एक. बेशरम मात्र नको, ती पात्रात पसरून पाणी तुंबवते.

रानाच्या बांधाला दगडी सांडवा ठेवा. सांडवा नसला की बांध सगळ्यात खोलगट जागी फुटतो.

माती_परीक्षण:
गाळाचा हिशोब: अर्ध्या एकरावर तीन इंच थर म्हणजे साधारण ५४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). आणण्याआधी नमुना तपासा. क्षारता (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर तो गाळ घेऊ नका. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत कोणत्या तलावाचं काम आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा.

मुरूम आधी चार-पाच इंच नांगरून मोकळा करा. कडक मुरमावर नुसता गाळ पसरला तर दोन्हींच्या मधून पाणी वाहतं आणि थर घसरतो. गाळ एप्रिल-मेमध्ये पसरून तापू द्या, पहिल्या पावसानंतर वखराच्या दोन पाळ्या घाला.

वाळूचा थर चार इंचांच्या आत असेल तर नांगरटीत मिसळून टाका, जास्त असेल तर उचलावाच लागेल.

पहिल्या वर्षी मुरमाच्या भागात सोयाबीन नको. तिथं सेंद्रिय कर्ब जवळजवळ संपलेला असतो. ताग पेरा, एकरी २०-२५ किलो, फुलावर येताच ४५-५० दिवसांत गाडा. उशीर झाला तर काड्या लाकडासारख्या होतात, लवकर कुजत नाहीत आणि कुजताना पुढच्या पिकाचं नत्र ओढून घेतात.

बालाघाट_शिवार:
ताग गाडला तर खरिपाचं उत्पन्न बुडालं. त्या वर्षी हाताला काय येईल? आणि ओढ्याकाठी शेळ्या चरायला सोडल्या तर?

पाणलोट_लातूर:
शेळ्या दोन वर्षं आत सोडू नका, कोवळी निर्गुडी सोडून बाकी सगळं खातात. बांधावर मारवेल लावा आणि कापून घाला. गवताच्या मुळ्यांनी बांधही धरला जातो. वाळू मिसळलेल्या भागात विहिरीचं पाणी असेल तर भुईमूग घ्या, मोकळ्या मातीत आऱ्या (ज्यांच्या टोकाला शेंगा धरतात त्या दांड्या) सहज उतरतात.

माती_परीक्षण:
एक गोष्ट राहिली. खालचा थर चुनखडीचा असला तर भुईमुगाची नवी पानं पिवळी पडतील, शिरा हिरव्याच राहतील. ती लोहाची कमतरता. युरिया टाकून ती जाणार नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना, गाळून, संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फेरस नुसतं जमिनीत दिलं तर चुन्यात अडकून पडतं, मुळांना मिळत नाही.