घरातलं म्हातारं जनावर आणि महिन्याचा खर्च : तुमचा हिशेब इथं लिहा

आमची लॅब्रेडॉर बारा वर्षांची आहे, बेळगावात टिळकवाडीत असतो. मोठ्या जातीचं कुत्रं सातव्या-आठव्या वर्षीच उतरणीला लागतं. मग औषधपाणी हा अडीनडीचा खर्च राहत नाही, दूध-गॅससारखा दरमहाचा होतो. आमच्याकडं सांध्यांच्या गोळ्या, गोचिडांचं औषध मिळून दीड हजार जातात. सहा महिन्यांनी रक्त तपासून क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा) बघतो, ते पैसे वेगळे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी आपलं लिहा की.

शहापूरकरीण
आम्ही मांजरीसाठी पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची बचत, लावलीय. दुकानात पिग्मीवाले काका रोज येतातच, तिच्या नावचे वीस रुपये वेगळ्या पुस्तकात. वर्षाला सात हजार तीनशे होतात. १९२८ साली सिंडिकेट बँकेनं दोन आण्यांवर काढलेली ही रीत आपल्याकडं अजून चालते, ती अशा कामाला फार बरी. गेल्या वर्षी भूल देऊन तिचे दात साफ केले, दोन काढले, सगळं त्यातनंच. मात्र मुदतीआधी मोडली की पैसे कापून घेतात. म्हणून मी डाळीच्या डब्यामागं थोडी रोकड ठेवते. रात्री-अपरात्री तीच उपयोगी पडते.

खानापूर_रान
गावात सरकारी दवाखाना आहे, तिथं फी नावापुरती. पण एक्स-रे, रक्त म्हटलं की बेळगाव. आषाढात वडापवाले (शेअर गाडीवाले) भिजलेलं कुत्रं घेत नाहीत, रिक्षा स्पेशल करावी लागते. डॉक्टरपेक्षा भाडं जास्त! त्यामुळं आधी फोन करून लस, नखं, रक्त सगळं एकाच फेरीत उरकतो.

निपाणीकर
आम्हाला कोल्हापूर जवळ. विम्याची चौकशी केली, अकरा वर्षांच्या कुत्र्याला नव्यानं कोणी घेईना. तेव्हा घरचे सगळे बसलो आणि ऑपरेशनला किती घालायचे, कुठं थांबायचं, हे तो धडधाकट असतानाच ठरवलं. आई रडली, पण आकडा तिनंच सांगितला. टेबलावर जनावर विव्हळत असताना तो ठरवता येत नाही हो.

औषधवाला, वडगाव
कळकळीनं सांगतो, पैसे वाचवायला घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं, अर्धी गोळीसुद्धा. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी जाते. पुढचा खर्च कितीतरी पट.

अथणी_वाडा
किडनीच्या मांजरांचं खाणं महाग, आणि पोतं फोडलं की पावसाळ्यात सादळतं. शेजारच्या गल्लीत तसंच एक मांजर आहे, त्यांच्याशी निम्मं-निम्मं करतो. चिकोडी-रायबाग भागात आणखी कोणी असेल तर सांगा, मोठं पोतं मागवू.