सीजीनॅटच्या मागे असलेल्या छोट्या जाळ्याला टनेलद्वारे आयपीव्ही६ कसे जोडावे?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. घर, आंबा भरण्याची खोली आणि बागेतील तापमान व आर्द्रता नोंदवणारी उपकरणे एकाच जाळ्यावर आहेत. मोहराच्या दिवसांत आर्द्रतेच्या नोंदी पाहूनच फवारणी ठरवावी लागते आणि ते काम मुंबईतील माझे थोरले बंधू पाहतात, त्यामुळे त्यांना या नोंदी थेट दिसाव्यात अशी आमची गरज आहे. फायबरची जोडणी स्थानिक केबलचालकाची असून ती फक्त आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत; आयपीव्ही६ ही नवी) देते आणि बाहेरून आत येणारी कोणतीही विनंती आमच्यापर्यंत पोहोचत नाही. बंधूंच्या मोबाईलवर मात्र आयपीव्ही६ आहे. मोफत टनेल (आयपीव्ही६ ची पॅकेट आयपीव्ही४ मध्ये गुंडाळून नेणारी वाट) देणाऱ्या एका सेवेकडे नोंदणी केली, पण आमच्या पत्त्याला पिंगचे (पोहोच तपासणाऱ्या छोट्या संदेशाचे) उत्तर येत नसल्याने टनेल तयार झाले नाही. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) आहे आणि त्यात ‘६टू४’ हा टनेलचा आणखी एक पर्याय दिसतो. तो वापरावा का?

उत्तर १ (रत्नागिरी)

‘६टू४’ वापरू नये. त्याला स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता लागतोच, शिवाय ज्या सामाईक रिले पत्त्यावर ती पद्धत विसंबून होती, तो पत्ता २०१५ मध्येच अधिकृतपणे कालबाह्य ठरवला गेला.

आधी राउटरच्या वॅन (इंटरनेटकडील बाजू) पानावरील पत्ता पाहावा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला गेला आहे. (हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला.) मोफत सेवा सहसा ‘६इन४’ प्रकारचे टनेल देतात. त्यात आयपीव्ही६ चे पॅकेट थेट आयपीव्ही४ च्या पॅकेटात, ४१ या प्रोटोकॉल क्रमांकाखाली, घातले जाते. त्यात पोर्ट (एकाच पत्त्यावरील वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे क्रमांक) नसतात, आणि सीजीनॅट ग्राहक ओळखते ते पोर्टवरूनच; त्यामुळे आलेले पॅकेट कोणाकडे द्यायचे हे त्याला कळत नाही. आपल्या अडचणीचे कारण बहुधा हेच आहे.

यूडीपीवर (पोर्ट असलेल्या एका प्रोटोकॉलवर) चालणारे आणि आतून बाहेर सुरू होणारे टनेल मात्र सीजीनॅटमधून जाते. आयपीव्ही६ असलेला एखादा स्वस्त आभासी सर्व्हर भाड्याने घ्यावा आणि घरच्या राउटरवरून तिथपर्यंत वायरगार्ड (असेच यूडीपीवरील टनेल बांधणारे सॉफ्टवेअर) लावावे. सर्व्हर घेताना एक गोष्ट आग्रहाने विचारावी: आयपीव्ही६ चा पट्टा सर्व्हरकडे स्वतंत्रपणे राउट करून मिळेल का? अनेक ठिकाणी मिळणारा /६४ पट्टा (एका जाळ्यापुरता पत्त्यांचा गट; आकडा लहान तितका पट्टा मोठा) फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या जोडणीवर वापरता येतो. तो घरी आणायचा तर नेबर प्रॉक्सीची (घरच्या पत्त्यांच्या वतीने सर्व्हरने उत्तर देण्याची) कसरत करावी लागते. राउट केलेला /५६ किंवा /४८ मिळाल्यास घर आणि बाग यांना वेगवेगळे /६४ देता येतील.

उत्तर २ (चिपळूण)

वरील मार्ग योग्य आहे, पण टनेल जोडल्यावर खरी डोकेदुखी पॅकेटच्या आकाराची होते आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवायची तर तिची लांबी-रुंदी बोटीत मावली पाहिजे, तसेच इथे आहे. इथरनेटवर १५०० बाइटचे पॅकेट चालते. ‘६इन४’ त्यातले २० बाइट स्वतःसाठी घेते, वायरगार्ड आयपीव्ही४ वरून जाताना ६० घेते. पीपीपीओई (काही जोडण्यांतील लॉगिनची पद्धत) असेल तर मुळातच १४९२ मिळतात. वायरगार्डची नेहमीची १४२० ही मर्यादा पीपीपीओईवरही पुरते, म्हणून ती तशीच ठेवावी.

आयपीव्ही४ मध्ये वाटेतला राउटर मोठ्या पॅकेटचे तुकडे करू शकतो. आयपीव्ही६ मध्ये तसे नाही. वाटेतला राउटर पॅकेट टाकून देतो आणि ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा आयसीएमपीव्ही६ (जाळ्यातील त्रुटी वगैरे कळवणारा प्रोटोकॉल) संदेश पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. कोणी सुरक्षिततेच्या नावाखाली सारे आयसीएमपी बंद केले असेल, तर हा संदेश पोहोचतच नाही. मग पिंग चालते, लहान पाने उघडतात आणि मोठे पान अर्ध्यावर अडकून राहते. जोडणी चालू दिसत असल्याने माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. म्हणून आयसीएमपीव्ही६ मधील त्रुटीसंदेश कधीही अडवू नयेत, टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातील माहितीची कमाल मर्यादा) १३६० वर बांधावा, आणि राउटरच्या घोषणेतच १४२० ही मर्यादा सांगावी, म्हणजे घरातील उपकरणे मुळातच मोठी पॅकेट पाठवणार नाहीत.

प्रश्नकर्ता (देवगड)

आभारी आहे. वॅनवरचा पत्ता खरोखरच १००.६४ च्या पट्ट्यातला निघाला. वायरगार्ड जोडले असून बंधूंच्या मोबाईलवरून नोंदी दिसतात, मात्र त्यांच्या कार्यालयातून दिसत नाहीत. शिवाय पावसाळ्यात इथे वीज आणि फायबर दोन्ही वारंवार जातात. सर्व्हरशी संपर्क तुटला, तर टनेलचे काय होईल?

उत्तर ३ (मालवण)

कार्यालयात बहुधा फक्त आयपीव्ही४ असेल. आभासी सर्व्हरला आयपीव्ही४ पत्ताही असल्यास त्यावर रिव्हर्स प्रॉक्सी ठेवावी. ती विनंती स्वीकारून टनेलमधून बागेकडे पाठवील.

त्याहून महत्त्वाची बाब सुरक्षिततेची आहे. आता बागेतील प्रत्येक उपकरणाला जगभरातून पोहोचता येणारा पत्ता मिळाला आहे आणि नॅटचा (सामाईक पत्त्यामागे लपण्याचा) आडोसा उरलेला नाही. वायरगार्डची जोडणी फायरवॉलच्या ‘वॅन’ विभागात घालावी, वर सांगितलेले आयसीएमपीव्ही६ चे त्रुटीसंदेश सोडून बाहेरून येणारे सर्व काही अडवावे आणि नोंदी गोळा करणाऱ्या एकाच संगणकाचे ४४३ हे पोर्ट उघडावे. स्वस्त उपकरणांची सॉफ्टवेअरे क्वचितच अद्ययावत होतात, त्यामुळे ती थेट बाहेर उघडी ठेवणे मला पटत नाही.

वीज परत आल्यावर घरचा पत्ता बदलला तरी चालेल, कारण वायरगार्डमध्ये सुरुवात आपला राउटर करतो आणि सर्व्हर नवा पत्ता आपोआप ओळखतो. त्यासाठी घरच्या बाजूला दर २५ सेकंदांनी जिवंत राहण्याचा संदेश चालू ठेवावा. मात्र इंटरनेट सुरू असून सर्व्हरशी संपर्क तुटला, तरी वायरगार्डची जोडणी ‘चालू’च दिसते, राउटर आयपीव्ही६ मार्गाची घोषणा करत राहतो आणि घरातील संगणक त्या बंद वाटेने प्रयत्न करत राहतात. ब्राउझर क्षणात आयपीव्ही४ कडे वळतात, इतर अनेक सॉफ्टवेअर वळत नाहीत. यासाठी सर्व्हरच्या आतील पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करणारी छोटी स्क्रिप्ट राउटरवर ठेवावी. उत्तर आले नाही, तर तिने आयपीव्ही६ ची घोषणा मागे घ्यावी आणि उत्तर येऊ लागताच ती पुन्हा सुरू करावी. वायरगार्डची जोडणी मात्र चालूच ठेवावी, नाहीतर त्या पिंगला उत्तर येण्याची वाटच बंद होईल.

केबलचालकाकडे थेट आयपीव्ही६ ची लेखी मागणीही नोंदवून ठेवावी. ते मिळाले की या टनेलची गरज उरणार नाही.