गावचा दगडी पार : तुमच्या आठवणी आणि आजची अवस्था

वडा-पिंपळाभोवतीचा जुना दगडी पार तुमच्या गावात असेल, तर त्याबद्दल इथे जरूर लिहा. दगड कुठला, पारावर काय काय घडायचं, आज तो कसा आहे, सगळं वाचायला आवडेल.

मी सुरुवात करते. आमचं गाव साताऱ्याकडे. पिंपळाचा पार काळ्या घडीव चिऱ्यांचा. पाराला टेकून एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, उभा आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंग पूजतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. शेतात सापडलेला असा दगड लोक पारावर आणून ठेवत, म्हणूनच तो टिकला. आता त्यावर ऑइलपेंट फासतात, ते बघवत नाही. कोरीवकाम बुजत चाललंय.

*

आमच्या कोकणात पार जांभ्याचा. पावसात शेवाळाने हिरवागार. शिमग्यात पालखी आधी पारावर टेकते, मगच घरोघर निघते. मुंबईहून आलेले चाकरमानीही पहिले तिथेच भेटतात.

*

मला देहूची नांदुरकी आठवते. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दिवशी, दुपारी बाराला ते झाड हलतं अशी वारकऱ्यांची श्रद्धा. लहानपणी आजीने नेलं होतं. मी पानांकडे टक लावून, आजीचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. झाड हललं का, हे तिने मला विचारलंसुद्धा नाही.

*

मराठवाड्यातून लिहितोय. आमचा पार सुशोभीकरणात गेला. खोडाला भिडवून काँक्रीट, वर चकचकीत फरशी. पाणी मुरेना, वडाच्या फांद्या वाळायला लागल्या. आम्ही पोरांनी मागे लागून खोडाभोवतीची फरशी काढायला लावली, पुढच्या पावसाळ्यात नवी पालवी आली. जुने चिरे शाळेमागे पडून आहेत. ते पुन्हा रचता येतील का? कोणी जाणकार आहे का इथे?

*

येतील की. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम. मोठे चिरे तळाला घ्या, प्रत्येक थर किंचित आत कलता ठेवा, सांधा सांध्यावर येऊ देऊ नका. फटीत दगडाच्या चिपा ठोका, सिमेंट अजिबात नको, पाण्याला वाट राहू द्या. मूळ जाडावलं की एखादा चिरा सरकेल. तो काढायचा, मुळाला जागा द्यायची आणि परत बसवायचा. आधी सगळ्या चिऱ्यांचे फोटो इथे टाका, कोपऱ्याचे कोणते ते सांगतो.