पंख्याचा कंडेन्सर आणि एसीचा कंडेन्सर

प्रश्न :
आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड करतोय, दुसरं वर्ष चालू आहे. ज्यांच्या हाताखाली कामाला जातो ते कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात आणि बाहेरच्या युनिटमधल्या कॉइललाही कंडेन्सरच. मराठी पुस्तकात धारित्र आणि संघनक असे दोन वेगळे शब्द आहेत. तोंडी परीक्षेत कोणता वापरू? 'करंट'चंही तसंच. 'करंट येत नाही' म्हणून बोलावतात आणि मीटर लावला तर २३० व्होल्ट दिसतात!

प्रतिसाद :
तुझा प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण या एका शब्दापायी माझ्या हातून एका म्हाताऱ्या बाईंना त्रास झालाय.

मी पंखे-मिक्सर दुरुस्त करत या धंद्यात आलो. पंख्याच्या कामात सगळे कंडेन्सरच म्हणतात. 'अडीचचा कंडेन्सर द्या' म्हटलं की दुकानदार अडीच मायक्रोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर हातावर ठेवतो. पुढे एसीत आलो आणि मे महिन्यात एकदा माझ्या हाताखालच्या पोराचा गिऱ्हाइकाच्या घरून फोन आला, "भाऊ, कंडेन्सर गेलाय." मी कॉइल समजलो आणि आजींना फोनवरच काही हजारांचा आकडा सांगितला. त्या एकट्या राहायच्या. "राहू दे" म्हणाल्या. दोन दिवसांनी मी स्वतः गेलो, बाहेरच्या युनिटचं कव्हर काढलं, तर ३६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. मीटरवर १९ दाखवत होता. नवा लावला आणि कंप्रेसर लगेच उठला. आजींनी दोन रात्री उकाड्यात काढल्या त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी हे दोन शब्द वेगळे करून सांगतो.

संघनकात वीज नाहीच. कंप्रेसरमधून आलेला तापलेला, दाबातला गॅस तिथे उष्णता बाहेर टाकतो आणि त्याचा द्रव होतो. वाफेचं पाणी होणं म्हणजे संघनन हे आपण शाळेत शिकलोय, तोच हा शब्द. वीज लागते ती त्याच्यावर वारा घालणाऱ्या पंख्याला. धारित्राचं काम निराळं. सिंगल फेज कंप्रेसरच्या मोटरला रनिंग आणि स्टार्टिंग अशी दोन वाइंडिंगं असतात. धारित्रामुळे स्टार्टिंग वाइंडिंगचा प्रवाह रनिंगच्या थोडा पुढे राहतो, म्हणून मोटरला फिरायची दिशा मिळते. ते मेलं की कंप्रेसर जागच्या जागी घुमतो, भरमसाट ॲम्पिअर खेचतो आणि ओव्हरलोड, म्हणजे कंप्रेसर जळू नये म्हणून बसवलेला स्विच, ट्रिप होतो. गिऱ्हाईक सांगतं, 'आवाज येतो पण थंड होत नाही.'

आणि 'धारित्र' हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण तो धोका सांगतो. धारण करतं ते धारित्र. एमसीबी खाली पाडला तरी त्याच्या पोटात भार शिल्लक असू शकतो. पेचकसाने दोन टर्मिनल जोडून ठिणगी पाडायची सवय काही जणांना असते, ती लावून घेऊ नकोस. वीस हजार ओहमचा, पाच वॅटचा रोधक थोडा वेळ टर्मिनलना लाव, मीटरवर व्होल्ट उतरलेले बघ आणि मगच हात घाल.

आता करंट. 'करंट बसला' म्हणजे झटका, 'करंट येत नाही' म्हणजे खरं तर विद्युतदाब नाही किंवा सर्किट कुठेतरी तुटलंय, आणि 'एसी जास्त करंट खातो' म्हणजे मात्र खरोखरचा प्रवाह, जो क्लॅम्प मीटरवर दिसतो. आपल्या कामातलंच बघ. बंद एसीला गेज लाव. आर-३२ हा गॅस भरलेला असेल तर ३० अंशाला अडीचशेहून जास्त पीएसआय (दाबाचं माप) दाखवेल, पण नळीतून काहीच वाहत नसतं. तुझे २३० व्होल्ट तसेच : दाब आहे, वाट तुटली म्हणून प्रवाह नाही. म्हणून काम शिकवताना व्होल्टेजसाठी मला पुस्तकातल्या 'विभवांतर'पेक्षा 'विद्युतदाब' जास्त उपयोगी वाटतो. परीक्षेत विभवांतर लिही, तोही बरोबरच आहे.

आणखी एक प्रतिसाद (मी निवृत्त शिक्षक, विषय भौतिकशास्त्र) :
वस्तादांना चूक म्हणू नका हं. कपॅसिटरचं जुनं नाव कंडेन्सरच. १७८२ मध्ये व्होल्टाने आपल्या उपकरणाला हे नाव दिलं, कारण थोड्या जागेत पुष्कळ भार दाटून राहतो अशी कल्पना होती. इंग्रजीत पुढे कपॅसिटर रुळला. आपल्याकडे पंख्यात आणि जुन्या गाड्यांच्या इग्निशनमध्ये कंडेन्सर टिकला.

प्रश्नकर्ता :
धन्यवाद सर, हे माहीत नव्हतं. भाऊ, मग वस्तादांसमोर काय म्हणू? त्यांना टोकलेलं आवडणार नाही.

प्रतिसाद :
टोकू नकोस. ते कंडेन्सर म्हणाले की तू नुसतं विचार, "कितीचा?" आकडा सांगितला तर कपॅसिटर, 'कॉइल' म्हणाले तर कॉइल. 'शॉर्ट झालंय' म्हणाले तरी मीटरवर ओहम, म्हणजे रोध, बघच. कित्येकदा वायर नुसती तुटलेली असते, म्हणजे शॉर्टच्या अगदी उलट. आणि बिल तू लिहीत असशील तर एवढं कर : 'कपॅसिटर बदलला, ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट.' घरातल्या माणसाला वाचून कळलं पाहिजे, पैसे कशाचे दिले.